रविवार पाळणारा पिचर

७ ऑक्टोबर १९२५ रोजी पिट्सबर्गमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना झाला आणि त्याच रात्री, न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक या डोंगराळ गावी, क्रिस्टी मॅथ्यूसन क्षयाने गेला. वय अवघं ४५. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघ दंडाला काळी फीत बांधून मैदानात उतरले.

एरवी माजी खेळाडूच्या जाण्याने सामन्याचा रंग बदलत नाही. पण मॅथ्यूसनची गोष्टच निराळी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसबॉल खेळणारा म्हणजे दारुडा, जुगारी आणि तोंडाळ, असाच लोकांचा समज. त्यात हा पेनसिल्व्हेनियातल्या फॅक्टरीव्हिल गावचा, बकनेल कॉलेजात शिकलेला, उंचापुरा, देखणा पिचर. त्याने पाद्री व्हावं अशी आईची इच्छा होती. तो न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला, पण रविवारी खेळणार नाही असा शब्द तिला देऊन. शब्द पाळणं फारसं महागात पडलं नाही, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कमध्ये रविवारच्या व्यावसायिक सामन्यांना १९१९ पर्यंत कायद्याचीच आडकाठी होती. शिवाय स्वारी पत्ते खेळायची, पैजा लावायची. तरीही ‘ख्रिश्चन जंटलमन’ हे बिरूद त्याला चिकटलं आणि ते खोटंही नव्हतं. पिचर म्हणून तर तो अफाट होता: १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सहा दिवसांत तीन सामने, सत्तावीस डाव, आणि प्रतिस्पर्ध्याला एकही धाव नाही. कारकिर्दीत ३७३ विजय.

असा माणूस पंचेचाळिशीत गेला की तेराव्याला आलेलं कुणीतरी म्हणतंच, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. अमेरिकेतही या अर्थाचं बोलणारे कमी नाहीत. मग हॅल चेजचं काय करायचं?

चेज हा पहिल्या बेसवरचा अप्रतिम खेळाडू, आणि पैसे खाऊन सामने मुद्दाम हरण्याबद्दल तितकाच बदनाम. १९१८ मध्ये मॅथ्यूसन सिनसिनाटी रेड्सचा मॅनेजर होता. त्याने चेजला निलंबित केलं. पण सुनावणी आली तेव्हा मॅथ्यूसन फौजेबरोबर फ्रान्समध्ये. मुख्य साक्षीदारच गैरहजर, त्यामुळे चेज सुटला. पुढच्याच हंगामात जायंट्सने चेजला घेतलं, आणि परतलेल्या मॅथ्यूसनलाही प्रशिक्षक म्हणून. आरोप करणारा आणि आरोपी एकाच संघात! त्याच वर्षी शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी वर्ल्ड सिरीज विकली, तेव्हा मॅथ्यूसन पत्रकार कक्षात बसून संशयास्पद खेळांवर खुणा करत होता. चेज १९४७ पर्यंत जगला. चौसष्ट वर्षं.

हा हिशेब जुळवायचा प्रयत्न माणसं फार पूर्वीपासून करत आली आहेत. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र त्याला पुन्हा पुन्हा बजावतात, तुझ्या हातून काहीतरी पाप घडलंच असणार. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो, पण त्या अंधत्वामागे देवाचा हेतू आहे असंही सांगतो. म्हणजे काहीतरी कारण उरतंच. आपल्याकडे प्रारब्ध म्हणतात. ते चेजलाही लागू पडतं आणि मॅथ्यूसनलाही, आणि दोघांनाही लागू पडणारं उत्तर कितपत उत्तर असतं? त्यापेक्षा संयुत्त निकायात बुद्धाने सीवक नावाच्या परिव्राजकाला जे सांगितलं ते जास्त रोखठोक वाटतं. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतुपालट, स्वतःची हयगय, दुसऱ्याने केलेला घात आणि कर्म, अशी दुःखाची आठ कारणं तो मोजतो. कर्म त्यातलं एक. सगळंच पूर्वकर्माने होतं म्हणणारे चुकतात, असं तो सरळ सांगतो.

मॅथ्यूसनच्या बाबतीत देवाधर्माशिवायही एक कारण सापडलं. पहिल्या महायुद्धात तो रासायनिक दलात कॅप्टन होता. सरावात विषारी वायू सोडल्याचा इशारा चुकला आणि मॅथ्यूसनच्या फुप्फुसात वायू गेला, असं त्याच तुकडीतला बेसबॉलपटू टाय कॉब १९६१ च्या आत्मचरित्रात सांगतो. काही संशोधकांना ही हकिगत पटत नाही. लोकांना मात्र ती फार आवडली, कारण त्यामुळे मरणाला मोल मिळतं: देशासाठी गेला. पण त्याचा धाकटा भाऊ हेन्री, तोही एके काळी जायंट्सचाच पिचर, १९१७ मध्ये क्षयानेच गेला होता. एका घरात एकाकडून दुसऱ्याला लागणारा रोग, आणि त्यावर गुणकारी ठरलेलं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं. मॅथ्यूसनच्या वेळी सॅरनॅक लेकला उपचार म्हणजे पडून राहणं आणि उघड्या व्हरांड्यातली थंडगार हवा. कारण असं रुक्ष असलं की ते आपल्याला पुरत नाही, एवढंच.

मॅथ्यूसनची बायको जेन १९६७ पर्यंत जगली. एकुलता मुलगा तिच्या हयातीतच, १९५० मध्ये, टेक्सासमधल्या घरात गॅसचा स्फोट होऊन गेला. बापाच्या फुप्फुसात वायू, मुलाच्या घरात गॅस. धागा जुळवणाऱ्याला एवढं पुरे झालं असतं. पण एक गोष्ट संशयास्पद आणि दुसरी निव्वळ अपघात.