निखळलेला सांधा

मननासाठी शास्त्रभाग : मार्क १:१९, गलतीकरांस पत्र ६:१



याकोब व योहान यांस प्रभूने पाचारण केले, तेव्हा ते तारवात बसून काय करीत होते, हे मार्काने आवर्जून लिहून ठेविले आहे. ते आपली जाळी नीट करीत होते. पुढे पौल गलतीयातील मंडळ्यांस अपराधात सापडलेल्या भावाविषयी लिहितो, तेव्हा अशा भावास सौम्यतेने ठिकाणावर आणावे, असे तो सांगतो. आपल्या मराठी शास्त्रात हे दोन शब्द निरनिराळे दिसतात. पण मूळ ग्रीक भाषेत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. ग्रीक वैद्य निखळलेले हाड जागेवर बसविण्याच्या कामासही याच कुळातील शब्द लावीत. तेव्हा जाळे सांधणे, हाड बसविणे व पडलेल्या भावास उभे करणे, ही तिन्ही एकाच जातीची कामे आहेत. हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पण त्याचा अर्थ आम्हांस एका सुताराच्या ओट्यावर कळला.

आम्ही ज्या गावी सेवेस होतो, तेथील प्रार्थनामंदिरात प्रभुभोजनाचे एक जुने सागवानी मेज होते. ते कोणी केले हे सांगणारा कोणी उरला नव्हता. त्याचा एक पाय डळमळत असे. दरवर्षी नाताळाच्या आधी कोणी तरी त्यात एक खिळा ठोकी व मेज पुढील पावसाळ्यापर्यंत उभे राही. वर तेलाच्या रंगाचे थरावर थर चढले होते. एका पायाच्या तळाशी वाळवी लागली होती. शेवटी पंचांची बैठक भरली आणि असे ठरले की, हे मेज मोडीत काढावे व बाजारातून नवे आणावे. आम्हीही हात वर केला.

मेज उचलून नेण्यास गावातील एका वृद्ध सुतारास बोलाविले. त्यांनी ते उलटे करून पाहिले, पायावर नख मारले, सांध्याचा वास घेतला व म्हणाले, “पाळकसाहेब, लाकूड मेलेलं नाही. सांधा सुटलाय एवढंच. पंधरा दिवस माझ्याकडं ठेवा.” त्या पंधरा दिवसांत आम्ही अनेकदा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. तेथे जे पाहिले ते तुम्हांस सांगतो.

पहिले दोन दिवस त्यांनी काहीच केले नाही, केवळ पाहिले. पायातील बारीक छिद्रांतून ताजा भुगा पडतो काय, हे कळावे म्हणून खाली काळा कागद पसरला. कारण भुगा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. वाळवी कोठून चढली याचा शोध घेतला. मेजाचा तो पाय ओल धरणाऱ्या जमिनीवर, भिंतीस लागून उभा असे. सागाचा गाभा वाळवीस सहसा दाद देत नाही. पण सालीलगतचे पांढरट लाकूड तिला सापडते, आणि त्या पायात तेच आले होते. “आधी ओल बंद करा, मग लाकूड दुरुस्त करा,” असे ते म्हणाले.

मग त्यांनी खिळे काढले. एका सांध्यातून अकरा खिळे निघाले. मेज घडविणाऱ्या पहिल्या कारागिराने एकही खिळा वापरला नव्हता. खाचेत लाकडाची जीभ बसवून ती सरसाने जोडली होती. सांधा सुटला तेव्हा सरस नवा लावावयाचा होता. लोकांनी लोखंड ठोकले. लोखंड गंजले, लाकूड चिरले. बंधूंनो, मेजाचे अधिक नुकसान वाळवीने केले नव्हते, आमच्या दुरुस्तीने केले होते.

सांधा उघडताना त्यांनी हातोडी मारली नाही. जुना सरस जनावरांच्या चामड्याहाडांचा असतो. तो ऊब व ओलावा मिळताच मऊ होतो. त्यांनी गरम पाण्यात भिजविलेले फडके सांध्याभोवती गुंडाळले, काही वेळ थांबले, पुन्हा गुंडाळले; आणि इतकी वर्षे घट्ट धरलेला तो सांधा आपण होऊन सैल झाला. पुढे जो कोणी दुरुस्ती करील त्यास वाट राहावी, म्हणून जुने सुतार असा सरस पसंत करीत, असे त्यांनी सांगितले.

कुजलेला भाग त्यांनी करवतीने कापला. पण कुजला तेवढाच. चांगल्या लाकडाचे बोटभरही त्यांनी जाऊ दिले नाही. तेथे जोडण्यास त्यांनी जुन्या दाराच्या चौकटीतील सागाचा तुकडा निवडला आणि त्याच्या रेषा मूळ पायाच्या रेषांशी जुळवून बसविल्या. आम्ही विचारले, “चिंच किंवा बाभूळ चालणार नाही काय? तीही मजबूतच.” ते म्हणाले, “मजबूत आहे, पण जातीचं नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. दोन जातींची चाल वेगळी. एक दुसऱ्याला फाडील.” मग नवा सरस लावून, सांध्याभोवती दोरी गुंडाळून, काठीने पीळ देऊन त्यांनी तो आवळला व पूर्ण एक दिवस कोणास हात लावू दिला नाही.

शेवटी रंग. जुन्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून त्यांनी तो कोरडा घासला नाही. ओला करून, मुलांस दूर ठेवून खरवडला व खरवड गोळा करून गाडली. खालून सागाच्या रेषा दिसू लागल्या. त्यांवर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात दिले. जोडलेला तुकडा किंचित फिका दिसत होता. तो झाकून टाका, असे आम्ही सुचविले. “कशाला? तिथं मोडलं होतं हे खरंच आहे,” एवढेच ते म्हणाले.

याच्या उलट काय होते, त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण लंडन शहरात आहे. वेस्टमिन्स्टर ॲबी या मंदिरात राज्याभिषेकाची ओक लाकडाची खुर्ची आहे. ती पहिल्या एडवर्ड राजाच्या आज्ञेने सुमारे १३०० साली तयार झाली व तिच्यावर सोन्याचा वर्ख देऊन पक्षी, पाने व प्राणी काढले होते. पुढे शाळकरी मुलांनी व पाहुण्यांनी तिच्यावर चाकूने आपली नावे कोरली. तरीही अधिक मोठी हानी तिचा मान करू पाहणाऱ्यांनीच केली. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी खुर्ची चांगली दिसावी म्हणून तिच्यावर तपकिरी रंग चढविण्यात आला. लोकांनी हरकत घेतली, तेव्हा तो काढून टाकला. आणि त्या काढण्यात पुष्कळसा मूळ वर्खही गेला. २०१० ते २०१२ या काळात कुशल कारागिरांनी ती पुन्हा हाती घेतली, तेव्हा त्यांनी नवे सोने चढविले नाही. मळ काढला, उरलेला वर्ख जागच्या जागी चिकटविला व कोरलेली नावे तशीच ठेविली. त्याच व्रण असलेल्या खुर्चीवर ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्स राजास अभिषेक झाला.

आता आमच्या लज्जेची गोष्ट सांगतो. ज्या बैठकीत मेज मोडीत काढण्याचे ठरले, त्याच बैठकीत आम्ही एका भावाचे नाव मंडळीच्या पटावरून कमी केले होते. सुगीच्या दानाची रक्कम त्याच्याकडे ठेविली असता त्याने ती घरखर्चास लाविली व वेळेवर परत करू शकला नाही. त्याने अपराध कबूल केला होता. मेजास आम्ही पंधरा दिवस दिले. त्या भावास पंधरा मिनिटेही दिली नाहीत. मेज दुरुस्त होऊन आले त्या आदितवारी तो दाराबाहेर चिंचेखाली बसला होता, आणि आम्ही त्याच मेजावर भाकर मोडली. ती भाकर आमच्या घशाखाली सुखाने उतरली नाही.

तर अशा भावाकडे कसे जावे? सुतार गेले तसे. प्रथम पाहावे : ओल कोठून आली? कर्ज होते काय? घरात दुखणे होते काय? मग आपणच ठोकलेले खिळे काढावे, म्हणजे चावडीवर बोललेले शब्द परत घ्यावे. घाव घालू नये. ऊब द्यावी व थांबावे. जे कुजले तेवढे मात्र खरोखर कापावे. पैसे परत झालेच पाहिजेत, मग ते थोडे थोडे का होईनात; कारण कुजक्या लाकडावर रंग लावणे ही दया नव्हे. मग आपण त्याच्याजवळ त्याच्याच जातीचे लाकूड होऊन बसावे. पौलाने तेथेच बजाविले आहे की, समजूत घालणाऱ्याने स्वतःकडेही पाहावे, कारण मोहात तोही पडू शकतो. जो स्वतःस परक्या लाकडाचा समजतो, तो जोडावयास गेला तरी फाडीलच. आणि सांधा बसल्यावर व्रण दिसला तर दिसू द्यावा. त्याची वारंवार आठवण देऊ नये व तो खोटेपणाने झाकूही नये.

आपला प्रभू नासरेथात सुतार म्हणून ओळखला जात होता. दुसऱ्या शतकातील जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेविले आहे की, तो नांगर व जू करीत असे. नांगर करणाऱ्याच्या दारी मोडलेला नांगरही येतोच. त्याने तो चुलीत घालण्यास सांगितले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

उपदेशक बंधूंनो, तुमच्याही गावात दाराबाहेर कोणी बसत असेल. पुढील प्रभुभोजनाच्या आदितवाराची वाट पाहू नका. या आठवड्यातच त्याच्या घरी जा, आणि रिकाम्या हाताने, म्हणजे खिळे व हातोडी घरी ठेवून जा. आम्हीही गेलो. पहिल्या दिवशी त्याने दार उघडले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. सांधा अजून बसलेला नाही. पण ऊब लागू लागली आहे. तुम्ही आमच्यासाठी व त्याच्यासाठी प्रार्थना करा. आमेन.