धूर, धूळ आणि अनुमान

बाग सेवनियातील एखाद्या गच्चीवरून रात्री पूर्वेकडे पाहावे, मग पश्चिमेकडे. दोन्ही दिशांनी, डोळ्यांस न दिसणारे एक अतिप्राचीन प्रारण आपणांवर पडत असते. त्याचा शोध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे तापमान सुमारे उणे २७० अंश सेल्सियस असून चहूंकडे सारखेच आहे. फरक पडतो तो लाखात एका भागाएवढा. साध्या महास्फोट सिद्धान्ताप्रमाणे ज्या दूरस्थ प्रदेशांत, ते प्रारण निघाले तोवर, प्रकाशाचीही ये-जा झालेली नव्हती, त्यांचे तापमान एक कसे?

१९८१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलन गूथ यांनी सुचविले की, आरंभीच्या अत्यल्प क्षणात विश्व अचाट वेगाने फुगले. आज दुरावलेले प्रदेश त्यापूर्वी निकट होते. याच कल्पनेतून पुढे असेही निघाले की, प्रारणातील मोठ्या पल्ल्याचे चढउतार लहान पल्ल्याच्या चढउतारांहून किंचित प्रबळ असावेत. २००९ मध्ये सोडलेल्या प्लांक उपग्रहाच्या मोजणीत ते तसेच आढळले. आधी वर्तविलेले मागाहून खरे ठरावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि तेवढ्यावरून 'हे घडलेच' असे म्हणण्याचा अधिकार आपणांस पोचतो काय? आपले नैयायिक पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करीत. परंतु धूर आणि अग्नी यांचे साहचर्य त्यांनी स्वयंपाकघरात पाहिलेले असे. विश्व एकच, त्याला स्वयंपाकघर कोठून आणावे? शिवाय धूर ओळखण्यातही चूक होते. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीच्या संशोधकांनी, फुगण्याच्या वेळच्या गुरुत्वलहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले. जगभर जयघोष झाला. २०१५ मध्ये प्लांकच्या निरीक्षणांशी ताडून पाहता तो दावा टिकला नाही. आपल्याच आकाशगंगेतील धूळ आड आली होती.

कोल्हापुरात जन्मलेले आणि पुण्यात 'आयुका' उभारणारे डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) या कल्पनेविषयी अखेरपर्यंत साशंक राहिले. फ्रेड हॉइल यांच्यासमवेत त्यांनी स्थिर विश्वाचा पक्षही दीर्घकाळ लढविला. तेथे, माझ्या मते, निरीक्षणांचा कौल त्यांच्याविरुद्ध गेला होता आणि त्यांनी तो मानावयास हवा होता. फुगण्याविषयीच्या त्यांच्या शंकेची गोष्ट निराळी. प्रत्यक्ष पुरावा कोणता, हा त्यांचा प्रश्न आजही उभा आहे. त्या गुरुत्वलहरींची खूण अद्याप कोणासही सापडलेली नाही.