डायनामोच्या उजेडात

ज्यांनी रात्री सायकल चालवली आहे त्यांना डायनामो ठाऊक असेल. टायरला घासून घुर्र आवाज करीत फिरणारी ती लहानशी बाटली. जोराने पायडल मारले की दिवा झगझगीत, चाल मंदावली की पिवळट, आणि थांबलो की काळोख. आजच्या मुलांना हे सांगावे लागते.

१९९४ च्या जानेवारीतली गोष्ट आहे. फोर्टमधल्या नोकरीवरून त्या महिन्यात रोज उशीर होत असे. साडेअकराच्या सुमारास वसई रोडला उतरायचे, स्टँडवरची सायकल काढायची आणि पश्चिमेकडच्या आमच्या गावाकडे निघायचे. थंडी चांगलीच होती. कानाला मफलर बांधला तरी हँडलवरची बोटे आखडत. स्टेशनजवळच्या नव्या इमारती मागे पडल्या की केळीच्या वाड्या लागत, मग एक बावखल आणि त्याच्या काठाने वळणारा रस्ता. कुठे शेकोटीची राख धुमसत असे. काही घरांवरचे नाताळचे तारे अजून उतरलेले नव्हते.

त्या रात्री वळणावरच्या मोरीपाशी माझ्या दिव्यात एक माणूस दिसला. कुशीवर पडलेला, एक हात रस्त्यावर. दिसला तो क्षणभरच. मी थांबलो नाही. उलट पाय जोरात चालू लागले आणि पुढचा रस्ता आणखी लख्ख दिसू लागला.

प्यायलेला असेल, असे मी मनाशी म्हटले. लुटारूंचा सापळा असेल. पोलीस मलाच धरतील. घरी बायको जागी आहे. ही सगळी कारणे शंभर पावलांच्या आत सुचली. यातले एकही अगदीच खोटे नव्हते. जखमीला हात लावला की चौकशीचा ससेमिरा मागे लागतो ही भीती तेव्हा सर्वांनाच होती. मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केली ती २०१६ मध्ये, आणि मोटार वाहन कायद्यात तसे कलम आले २०१९ मध्ये. मोबाईलही तेव्हा नव्हता.

घरी जेवण गेले नाही. पहाटे पाच वाजता, दूधवाले निघायच्या वेळेला, मी परत मोरीपाशी गेलो. तिथे कोणी नव्हते. गवत दबलेले होते, बस्स. त्या दिवशी कुणाच्या मृत्यूची बातमी ऐकू आली नाही आणि पुढेही तो माणूस कोण होता हे मला कळले नाही.

पुष्कळ दिवस मी याच गोष्टीचा आधार घेत होतो. उठून घरी गेला असेल, म्हणजे माझ्या हातून काही वाईट घडले नाही. पण हा हिशेब नीट तपासला तर टिकत नाही. समजा तो पहाटेपर्यंत मेला असता. मग मी दोषी ठरलो असतो. पण दोन्ही प्रसंगी मी केले काय? तेच. तेवढेच पाहिले, तेवढ्याच वेगाने निघून गेलो. माझा अपराध तो रात्रीतून शुद्धीवर आला की नाही यावर कसा अवलंबून राहील? सुटका झाली असेल तर त्याची. ती माझ्या खात्यावर जमा करता येत नाही. आपल्या पापकबुलीच्या प्रार्थनेत न केलेल्या गोष्टींचाही उल्लेख आहे, तो उगाच नसावा.

अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातल्या ४० विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचे होते. काहींना तर चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यावरच. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवलेला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी त्याला काही ना काही मदत केली. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्क्यांनी. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणावा तसा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेले काहीजण चक्क त्या माणसाला ओलांडून गेले! हे वाचून मला प्रथम हायसे वाटले, खोटे कशाला सांगू. पण घाईमुळे मी कसा वागलो याचा उलगडा होतो, एवढेच. त्या दहा टक्क्यांनाही उशीर झालेलाच होता.

माझी बायको मात्र वेगळे म्हणाली. “मी असते तर मीही थांबले नसते. आणि त्या अंधारात तुम्ही एकट्याने थांबावं असं मला आजही वाटत नाही.” तिचे म्हणणे मी टाकून देत नाही. निर्मनुष्य रस्त्यावर जीव धोक्यात घालणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे असे मी कुणाला सांगणार नाही, आमच्या मुलींना तर नाहीच.

पण दाखला पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. शोमरोनी तरी सगळे एकट्याने कुठे करतो? दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेला लागतो. जखमी माणूस उतारशाळेच्या रखवालदाराच्या हवाली करतो, पैसे देतो, परत येईन म्हणतो. थांबणे आणि पळणे या दोहोंच्या मध्ये बरीच जागा असते. मी लांबून हाक मारू शकलो असतो. आणि मोरीपासून दोनशे पावलांवर एक घर होते. त्याच्या ओटीवर तारा लागलेला होता, आत दिवा होता. ते घर मी पाहिले होते. माझी खरी चूक तिथे झाली, मोरीपाशी नव्हे.

त्या घरातल्या मावशी पुढे ओळखीच्या झाल्या. बऱ्याच वर्षांनी, एका लग्नाच्या आमंत्रणाला गेलो असताना, मी त्यांना सगळे सांगितले. विचारले, “मावशी, तेव्हा मध्यरात्री दार वाजवलं असतं, तर उघडलं असतं का तुम्ही?”

“उघडलं असतं की,” त्या म्हणाल्या. “थंडीत आमच्या ह्यांना दमा. रात्रभर बसूनच असायचे. कुणी आलं तर तेवढंच बरं वाटायचं त्यांना.”