तमाशाच्या पैशांनी वाचलेली बालके

न्यूयॉर्क शहराच्या समुद्रकाठी कोनी आयलंड नामक करमणुकीचे प्रसिद्ध स्थळ आहे. तेथील खेळतमाशांच्या गर्दीत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी 1903 पासून 1943 पर्यंत एक विलक्षण प्रदर्शन चालविले. अपुऱ्या दिवसांची बालके काचेच्या ऊबदार पेट्यांत ठेवून ते लोकांस दाखवीत. पाहणाऱ्यांकडून 25 सेंट घेत; आईबापांकडून मात्र काहीच घेत नसत.

वाचकहो, तान्ह्या जिवांचा असा तमाशा करणे योग्य काय? प्रथम आम्हांसही ते अनुचित वाटले. ज्यास आपली संमती सांगता येत नाही, त्यास दाखवून पैसा मिळविणे शोभत नाही. परंतु त्या काळी पुष्कळ इस्पितळांत अशा पेट्या नव्हत्या. ही बालके जगावयाची नाहीत असेच समजले जाई. त्या तमाशाच्या पैशांतून दाया व दूध यांचा खर्च भागे, आणि हजारो बालके वाचली.

साध्य चांगले म्हणून प्रत्येक साधन शुद्ध ठरते, असे आम्ही म्हणत नाही. तथापि दोष प्रथम कोणाचा? जे दयेचे काम सर्वांनी मिळून करावयाचे, ते आपण टाकले म्हणजे ते बाजारात जाऊन उभे राहते. मग केवळ बाजारास नावे ठेवण्याचा आपणांस काय अधिकार?