फोन कुणाच्या हातात?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गाणगापूरला आरतीच्या वेळी घुमणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. सोबत आलेली आई, बायको, थोरला भाऊही पाहिलाय. संगमावर स्नान, माधुकरी, पारायण, सगळं मनापासून चालतं. मग कुणीतरी हळूच विचारतं, डॉक्टरला विचारलं तर महाराजांवरचा विश्वास कमी झाला असं होतं का हो?

आम्हा सेवेकरी बायकांना हा प्रश्न काही अवघड वाटत नाही. तापाची गोळी आपण अंगारा लावून घेतोच की! मनाच्या दुखण्याने काय पाप केलंय? आता टेली-मानसच्या १४४१६ नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली. बंगळूरचं निम्हान्स तिचं मुख्य केंद्र, आणि मराठीतही बोलता येतं. आपल्या सीमाभागात हे फार मोठं आहे. बाजारापुरतं कन्नड सगळ्यांनाच येतं, पण रडू मायबोलीतच येतं. निम्हान्स व्हिडिओवरून लांबच्या डॉक्टरांना शिकवतंही, म्हणजे जवळपासच कुणी जाणतं भेटावं.

अवघड प्रश्न दुसराच. फोनवर बोलणार कोण? घरातला कर्ता फोन धरतो, सून समोर बसलेली. "तिला झोप नाही, ती चिडते, ती जेवत नाही." दवाखान्यात निदान डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघतात. फोनवर मात्र ज्याच्या हातात फोन, त्याचंच ऐकू जातं. पादुकांपुढे आपलं गाऱ्हाणं आपणच घालतो ना? रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल तर घरच्यांनी बोलावंच, वेळ दवडू नये. पण दर वेळी तसं असतं का?

पुढे गोळ्यांचा फोटो फॅमिली ग्रुपवर. खाली जोडलेले हात, सल्ले, "माझ्या जावेलाही हेच". प्रेमापोटीच, मान्य. पण मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिलाय. तो डॉक्टरांनी पाळायचा आणि आपण मोडायचा? काहीजणी म्हणतील, लपवल्याने दुखणं वाढतं. खरंच आहे. म्हणून तिला विचारून सांगा, एवढंच.

नंबर लावून फोन तिच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा. जिवाचं बरंवाईट करेल अशी शंका असेल तर मात्र जवळच थांबा. आधी बोलणार नाही, दोन मिनिटं नुसती गप्प बसेल. बसू दे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥