युद्ध सुंदर दिसावे काय?

युद्धाच्या गोष्टी रम्य असतात, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून म्हणत आले आहेत. त्यात थोडा उपहास आहे आणि थोडी कबुलीही आहे. ज्याने युद्ध पाहिले नाही त्यालाच ते रम्य वाटते, हा उपहास. आणि तरीही ते वाटते खरे, ही कबुली. दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात, हळीव पेरून त्यावर हिरवळ उगवतात, बुरुजाबुरुजावर मावळे उभे करतात. त्या किल्ल्यावर जखमी मावळा मात्र कधी दिसत नाही. मुलांना त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. पण मोठी माणसे जेव्हा हाच खेळ पडद्यावर मांडतात, तेव्हा युद्ध सुंदर दिसावे काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मला तो नव्याने विचारायला लावला तो एका जुन्या चित्रपटाने. स्टुअर्ट कूपर या दिग्दर्शकाचा १९७५ सालचा 'ओव्हरलॉर्ड' फारसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. पण अमेरिकेच्या चित्रपटगृहांत पोचायला २००६ साल उजाडले. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्या मोहिमेचे सांकेतिक नाव हेच चित्रपटाचे नाव. कथा म्हणाल तर एवढीशी. टॉम नावाचा एक साधा इंग्रज तरुण सैन्यात भरती होतो, कवायत शिकतो, एका नाचाच्या कार्यक्रमात एका मुलीला भेटतो, आपण परत येणार नाही असे मनोमन ओळखतो, आणि त्या किनाऱ्याशीच मारला जातो. त्याच्या हातून पराक्रम असा काहीच घडत नाही.

या चित्रपटाचे वेगळेपण त्याच्या छायाचित्रणात आहे. लंडनच्या युद्धसंग्रहालयात युद्धकाळात प्रत्यक्ष घेतलेल्या चित्रफिती आहेत. कूपरने त्यांतले तुकडे निवडून टॉमच्या कथेत विणले. छायाचित्रकार जॉन अल्कॉट हा त्याच वर्षीच्या 'बॅरी लिंडन'मुळे जगाला ठाऊक झाला; मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग टिपणारा तो हाच. येथे त्याने जुन्या जर्मन बनावटीची भिंगे वापरून कृष्णधवल चित्रण केले. त्यामुळे खरे कोठे संपते आणि रचलेले कोठे सुरू होते, हे सहजी उमगत नाही.

त्या जुन्या फितींत विमानातून घेतलेली दृश्ये आहेत. लढाऊ विमानांच्या तोफांना जोडून कॅमेरा बसवलेला असे. तोफ सुरू झाली की तोही सुरू होई, म्हणजे नेम कोठे लागला हे मागाहून पाहता यावे. खाली शेते, रस्ते, एखादी आगगाडी. गोळ्यांची रांग धावत जाते आणि इंजिनातून वाफेचा पांढराशुभ्र पिसारा फुलतो. काय सांगावे, दृश्य देखणे आहे! पण त्या वाफेखाली इंजिनाचा चालक होता, हे मनात यायला क्षणभर उशीर होतो. त्या क्षणाच्या उशिरातच सारा नैतिक प्रश्न दडलेला आहे.

करुणरसातूनही आनंद होतो, आणि त्याला सहृदयांचा अनुभव हेच प्रमाण, असे विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त म्हटले आहे. ते मान्य केले तरी त्यामागे एक गृहीत आहे. ते दुःख नाट्यातले असते. पडदा पडला की नट घरी जातो. आगगाडीवरच्या त्या माणसाला कोठला पडदा? तेथे आनंद झाला तर तो रसास्वाद म्हणावा, की निव्वळ दुरून दिसणारा साजरा डोंगर?

यावर कोणी म्हणेल, मग युद्ध कुरूपच दाखवावे. मला ते पटत नाही. रक्तमांसाचा चिखल पुनःपुन्हा पाहिला की डोळा त्यालाही सरावतो. किळस ही काही करुणा नव्हे. दोष सौंदर्याचा नाही, अंतराचा आहे. तोफेला जोडलेल्या कॅमेऱ्याला आधी आणि नंतर माहीत नसते. खटका दाबण्यापूर्वी तो माणूस काय करीत होता आणि नंतर त्याच्या घरी काय झाले, हे त्याच्या दृष्टीत येतच नाही. अल्कॉटच्या कॅमेऱ्याने नेमके तेच पुरवले. घर सोडून निघालेला मुलगा, त्याच्याजवळचे 'डेव्हिड कॉपरफील्ड', त्याची भीती, हे सारे त्याने त्याच करड्या उजेडात जवळून दाखवले. वरून ठिपका दिसणाऱ्याला येथे चेहरा मिळतो.

तरीही एक हिशेब बाकी राहतोच. चेहरा मिळाला तो टॉमला. त्या आगगाडीवाल्याला नाही. एका चित्रपटाला सगळ्यांचेच चेहरे दाखवणे शक्य नाही. ते उरलेले काम पाहणाऱ्याचे आहे. देखणे दृश्य पाहून मन हरखले तर त्यात पाप नाही. पण तेथे कोण होते, हे न विचारता डोळा पुढे सरकला, तर तो डोळा तोफेला जोडलेल्या कॅमेऱ्याहून फारसा वेगळा राहत नाही. सौंदर्य फुकट मिळत नाही. पाहण्याचेही देणे लागते, आणि ते ज्याचे त्यानेच फेडायचे असते.