किंमत विचारण्यापूर्वीं

एखाद्या वस्तूची किंमत विचारणें हें अगदीं निरुपद्रवी काम आहे, अशी आमची परवांपरवांपर्यंत समजूत होती. विचारल्यानें वस्तूचें कांहीं झिजत नाहीं. विकावयाची नसेल तर विकूं नये, इतकें तें सोपें आहे, असें आम्ही मानीत होतों. नीतिशास्त्राचे वर्ग घेण्यांत पंचवीस वर्षें घालवूनहि ही समजूत किती भोळी होती, हें आम्हांस रावेरच्या आमच्या जुन्या घराच्या अंगणांत, एका बंद पडलेल्या मोटारीपाशीं उभे असतां कळलें.

ती मोटार आमच्या वडिलांची, नानांची. १९६९ सालची फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि पुढें कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या या फियाट गाड्या तयार होऊं लागल्या. त्या काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. नानांनींहि ती पाहिली. मग अडलेल्या बाळंतिणीला जळगांवास नेण्यापासून लग्नांतल्या नवरदेवाला मिरविण्यापर्यंत सगळ्या गल्लीचीं कामें त्या गाडीनें केलीं. नाना गेले आणि ती पत्र्याच्या छपराखालीं उभी राहिली. दादा आम्हांस म्हणत, "तूं घेऊन जा." आम्ही म्हणत असूं, "दादा, ती तुमच्याच दारांत शोभते." धाकटा म्हणे, "दोघांपैकीं कोणीहि ठेवा, माझें कांहीं म्हणणें नाहीं." बारा वर्षांत तिच्यावरून आम्हां भावांत एक वांकडा शब्द गेला नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत जुन्या मोटारींचे शौकीन असे एक गृहस्थ शहरांतून आले. त्यांनीं बॉनेट उघडून पाहिलें, पत्र्यावर बोट वाजविलें, आणि कोणीं विचारलें नसतां नव्हे, तर आम्हींच विचारल्यावरून सांगितलें, "नीट दुरुस्त केली, तर सहा लाख कोठें जात नाहींत." चहा पिऊन ते गृहस्थ गेले, आंकडा मात्र घरांत राहिला. त्याच रात्रीं दादांना आठवलें कीं, गाडीचे टायर त्यांनीं स्वतःच्या पैशानें दोनदां बदलले होते. धाकट्याला वाटूं लागलें कीं, आजवर आपल्याला कोणीं धड विचारलेंच नाहीं. आणि आम्ही? आम्ही नानांच्या पेटींतील गाडीचें नोंदणीपुस्तक काढून, सुरक्षित राहावें म्हणून, आपल्या बॅगेंत ठेवलें.

एका आंकड्याच्या अंगीं एवढें सामर्थ्य येतें कोठून? मोठ्या प्रमाणावर पाहिलेली गोष्ट अधिक स्पष्ट दिसते, म्हणून इटलीच्याच दुसऱ्या एका गाडीचें उदाहरण घेऊं. फेरारी कंपनीनें १९६२ ते १९६४ या काळांत '२५० जीटीओ' नांवाच्या शर्यतीच्या अवघ्या ३६ गाड्या बनविल्या. नव्या गाडीला तेव्हां सुमारें १८ हजार डॉलर पडत. शर्यतींत त्या जुन्या झाल्यावर त्यांना कोणी विशेष विचारीना. त्यांतली एक टेक्सासमधील एका शाळेला मुलांस यंत्रें शिकविण्याकरितां देणगी म्हणून मिळाली होती. शाळेनें १९७२ सालीं ती साडेसहा हजार डॉलरांस विकली, आणि पुढें ती ओहायोंतील एका शेतांत वर्षानुवर्षें उघड्यावर पडून होती. याच ३६ भगिनींपैकीं एक २०१८ सालीं कॅलिफोर्नियांतील लिलांवांत ४ कोटी ८४ लक्ष डॉलरांस गेली, तर दुसरी १३ नोव्हेंबर २०२३ रोजीं न्यूयॉर्क येथें ५ कोटी १७ लक्ष डॉलरांस, म्हणजे सुमारें ४३० कोटी रुपयांस, विकली गेली. लोखंड तेंच, इंजिन तेंच. मग वाढलें काय?

लिलांवाची रीत पाहिली म्हणजे याचें उत्तर सांपडतें. एकच मनुष्य कितीहि आतुर असला, तरी त्याच्यामुळें भाव चढत नाहीं. त्याला दुसरा लागतो. दुसरा जेथें थांबतो, त्याच्या एक पायरी वर हातोडा पडतो. जिंकणारा आणखी किती दूर गेला असता, हें कोणासहि कळत नाहीं. म्हणजे ज्याला आपण वस्तूची किंमत म्हणतों, ती वस्तूच्या गुणांचें माप नसते. जिंकणाऱ्याच्या प्रेमाचेंहि नसते. हरणाऱ्याचा धीर कोठें सुटला याची ती नोंद असते.

लिलांवापूर्वीं जाहीर होणारा अंदाज तर याहूनहि चमत्कारिक. तो भविष्य सांगतो असें दिसतें, पण वास्तविक तो भविष्य घडवूं पाहतो. कमी धरला तर गिऱ्हाइकें गोळा होतात. अधिक धरला तर मालक खूष होतो. न्यूयॉर्कच्या त्या गाडीचा अंदाज सहा कोटी डॉलरांहून अधिक होता. त्यामुळें पांच कोटी सतरा लक्ष मिळूनहि सौदा उणाच वाटावा अशी स्थिति झाली. पूर्वीं नसलेली उणीव एका अंदाजानें उत्पन्न केली. आमच्या अंगणांत नेमकें हेंच घडलें होतें.

येथें रावेरकर वाचक आम्हांस अडवील, आणि तें रास्तच आहे. तो म्हणेल, "मास्तर, पगारदाराला भावाची हेटाळणी परवडते, आम्हांला नाहीं." केळीचा घड कापला कीं, तो थांबत नाहीं. फळ्यावर क्विंटलचा एक भाव असतो, आणि ट्रक बांधावर उभा असतां हातांत पडणारा भाव पुष्कळदां दुसराच असतो. फेरारीचा मालक तीस वर्षें वाट पाहूं शकतो. केळीचा मालक तीन दिवसहि नाहीं. ज्याला थांबतां येतें त्याला बाजार सलाम करतो, ज्याला थांबतां येत नाहीं त्याला वांकवितो. तेव्हां किंमत ही क्षुद्र गोष्ट आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. जें विकण्यासाठींच पिकविलें, त्याचा भाव विचारणें हा हक्क आहे, आणि तो खरा सांगणें हा धर्म आहे.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. किंमत वस्तूंना वांचविते. ओहायोच्या शेतांतली ती गाडी भाव चढल्यामुळेंच पुन्हां उजळली. उलट मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी पाहा. आमच्या फियाटच्याच त्या वंशज. सबंध शहर त्यांनीं पाठीवर वाहिलें. त्यांतल्या अखेरच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. न्यूयॉर्कचा तो लिलांव त्यानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं झाला. तिच्या भगिनी बहुतेक भंगारांत गेल्या, कारण त्यांच्यासाठीं झुंजणारे दोघे कोणी नव्हते. लाखो लोकांची सेवा केलेली गाडी मोडींत जावी, आणि मोजक्या श्रीमंतांची हौस पुरविलेली गाडी रत्नासारखी जपली जावी, यांत न्याय नाहीं हें खरें. पण किंमतीनें एक तरी जपली, हेंहि नाकारतां येत नाहीं.

हे दोन्ही आक्षेप मान्य करूनहि आमचें एक म्हणणें उरतें. विक्रीस काढलेल्या वस्तूला किंमत असावी. पण कांहीं वस्तु घरांत अशा असतात कीं, त्यांच्याभोंवतीं माणसें एकमेकांना देण्याची संवय राखून असतात. "तूं घे", "नको, तुम्ही ठेवा", हें त्या वस्तूचें खरें काम. तेथें आंकडा शिरला कीं, देणाऱ्याला आपण किती सोडतों आहों हें दिसूं लागतें, आणि दान हें नुकसान होऊन बसतें. पुढें दुसऱ्या एका जाणकारानें आमची गाडी पाहून चाळीस हजारांवर एक रुपयाहि येणार नाहीं असें सांगितलें. सहा लाख गेले. पण त्यांच्या मागोमाग आलेला संशय गेला नाहीं. आंकडा खोटा ठरला म्हणून त्यानें केलेलें काम खोटें ठरत नाहीं.

दिवाळींत आम्ही रावेरास गेलों, तेव्हां नोंदणीपुस्तक बरोबर नेलें आणि दादांच्या देखत नानांच्या पेटींत परत ठेवलें. दादा कांहीं बोलले नाहींत. धाकटा त्या दिवशीं आलाच नव्हता. किंमत अवश्य विचारावी, पण विकावयाचें ठरल्यानंतर विचारावी, एवढा साधा नियम शिकण्यास आम्हांला पन्नाशी उलटावी लागली. गाडी अजून छपराखालीं उभी आहे. आतां "तूं घेऊन जा" असें मात्र कोणी म्हणत नाहीं.